बारावा प्रश्न

ती दुपार अजूनही डोळ्यांपुढून हलत नाही. अकोल्यात मी गुन्हे शाखेचा निरीक्षक होतो. जेवणाचा डबा उघडला आणि अधीक्षक साहेबांचं बोलावणं आलं. त्यांच्यासमोर हवाई दलाचे एक अधिकारी साध्या कपड्यांत बसले होते.

माहिती अशी होती. पश्चिम सीमेजवळच्या एका हवाई तळावर काम करणाऱ्या जवानाने वरिष्ठांना लेखी कळवलं होतं की, अकोल्याच्या जुन्या शहरात राहणाऱ्या त्याच्या काकांनी फोनवर तळाची माहिती विचारली. विमानांचे नवे निवारे धावपट्टीच्या कोणत्या बाजूला, इंधनाचा साठा कुठे, असं. या जवानाचे वडील तो लहान असतानाच वारले. काकांनीच त्याला वाढवलं, शिकवलं, भरतीसाठी तयार केलं. काका स्वतः हवाई दलातून सार्जंट म्हणून निवृत्त झालेले. वडिलांच्या जागी असलेल्या माणसाविरुद्ध एखादा लिहून देतो तेव्हा ते कागद हातात घेताना जड वाटतात.

मी एका हवालदाराला घेऊन गेलो. मोर्णा नदीच्या पलीकडची अरुंद गल्ली, दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली हवाई दलाच्या गणवेशातला जुना फोटो, शेजारी वारलेल्या बायकोचा. काका सत्तरीचे, ताठ. मी ओळखपत्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते नीट वाचलं आणि म्हणाले, "बसा साहेब. चहा मांडतो."

पंचांसमोर मोबाइल आणि एक जाड वही ताब्यात घेतली. वहीत देशातल्या हवाई तळांची माहिती होती, एका पानावर एक तळ. माझ्या हवालदाराचा चेहराच बदलला. त्याच्या लेखी गुन्हा सिद्ध झाला होता.

शाखेत आणून विचारपूस सुरू केली. काकांचं एकच उत्तर, "मीच विचारलं पुतण्याले. मले पाहिजे होतं."

"कशासाठी?"

"वहीसाठी."

"कोणी विचारायला सांगितलं?"

"कोणी नाई."

दोन तास हेच. चांगला माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याला ते जमत नाही, पण तो सोडतही नाही. ते कोणाला तरी पाठीशी घालताहेत, अशी माझी खात्री झाली. सरकारी गुपितांच्या कायद्याखाली काय होऊ शकतं ते मी स्पष्ट सांगितलं. ते मान खाली घालून बसले.

मग मी टेबलावरची वही त्यांच्यापुढे सरकवली. "काका, हे तळ मला समजावून सांगा. मी कधी विमानातसुद्धा बसलो नाही."

त्यांनी मान वर केली. बोटाने पानं उलटत बोलायला लागले. ईशान्येतल्या काही धावपट्ट्या दुसऱ्या महायुद्धात घाईघाईने बांधलेल्या. डोंगरांपलीकडे चीनमध्ये सामान पोचवायचं होतं. युद्ध संपलं, पट्ट्यांवर गवत उगवलं. बासष्टच्या चीन युद्धानंतर त्यांतल्या काही पुन्हा कामाला आल्या.

"लोकायले वाटते, तळ म्हणजे विमान उभं करायची जागा," ते म्हणाले. "तसं नाई साहेब. सीमेजवळचा तळ लढाऊ विमानांचा. त्याच्या मागं मालवाहू विमानांचा. त्याच्याही मागं, देशाच्या मधात, दुरुस्तीचे कारखाने अन् भांडार. शिकवायचे तळ वेगळे. समोरच्या तळावर बॉम्ब पडला तं दुसऱ्यानं त्याचं काम उचललं पाहिजे. मी इंजिनाच्या दुरुस्तीत होतो. मी कधी सीमा पाह्यली नाई, पण माझ्या हातचं इंजिन तिथं गेलं."

आवाज बदलला होता. हे सगळं पुस्तकांत छापलेलं, गुपित काहीच नव्हतं. मी वहीची शेवटची पानं उघडली. तिथे क्रमांक घालून प्रश्न लिहिले होते. "हे मोठ्याने वाचा," मी म्हणालो.

त्यांनी वाचलं. "एक. तळ कोणत्या साली सुरू झाला होता? दोन. पहिली धावपट्टी कशाची बांधली होती? तीन. तिथं आधी कोणतं विमान होतं?" असे अकरा प्रश्न. प्रत्येकाखाली त्यांच्या सुरेख अक्षरात उत्तर. "बारा. आता तिथं विमानांचे निवारे कोणत्या बाजूले..." ते थांबले.

"पुढे वाचा."

"...आहेत," ते हळू म्हणाले.

बाराव्याखाली उत्तर नव्हतं. तेराव्याखालीही नव्हतं.

"काका, अकरा प्रश्नांत 'होतं' आहे. बाराव्यात 'आहे' आलं. तुमच्यासारखा माणूस असा प्रश्न विचारणार नाही. हा कोणाचा प्रश्न?"

त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ काचा पुसत राहिले.

सहा महिन्यांपासून एका बाईचा फोन येत होता. हिंदीत बोलायची. हवाई तळांच्या इतिहासावर संशोधन करते म्हणाली. रोज दुपारी तासभर. "बायको गेल्यापासून मले कोणी विचारलं नवतं साहेब, की तुमी नोकरीत काय केलं. तिनं विचारलं. मी अभ्यास करून सांगत होतो. या वयात परक्या बाईसंग फोनवर बोलतो, हे कोणत्या तोंडानं सांगू? म्हणून माझंच नाव घेतलं."

"पुतण्याला का विचारलं?"

"तिले आवडन म्हणून." एवढं म्हणून ते रडले. आवाज न करता.

सायबर शाखेने फोन तपासला. तो नंबर परदेशातून चालवला जात होता. गुप्त असं काहीच गेलेलं नव्हतं, कारण पुतण्याने उत्तर न देता फोन ठेवला होता. काकांना आरोपी न करता साक्षीदार करावं, असा अहवाल मी पाठवला आणि तो मान्य झाला. पण आमची गाडी गल्लीत उभी राहिलेली सगळ्यांनी पाहिली होती. शेजाऱ्यांना आमचा अहवाल कोण दाखवणार? काही दिवस गल्लीत त्यांच्याशी कोणी बोललं नाही. त्याचा दोष माझ्याकडे जातो. पायी जाता आलं असतं.

जबाबावर सही करताना त्यांनी विचारलं होतं, "तुमाले कोणी कळवलं साहेब?"

खबर देणाऱ्याचं नाव सांगायचं नसतं. मी बोटाने सहीची जागा दाखवली. त्यांनी सही पूर्ण केली आणि पेन टेबलावर ठेवलं.

महिन्याभराने पुतण्या रजेवर आला. घरी न जाता सरळ माझ्याकडे. दारातच उभा राहिला. "साहेब, काका मले घरात घेतीन का?"

त्याच्याबरोबर मीच गेलो, या वेळी पायी. काकांनी दार उघडलं. पुतण्या वाकून पाया पडला. काकांनी आधी विचारलं, "रिपोर्ट लेखी देल्ता का तोंडी?"

"लेखी, काका."

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी."

"बरोबर केलं," काका म्हणाले. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही. मी तसाच परतलो.

नोकरीत मी चोर पकडले, खुनी पकडले. माणूस लोभाने किंवा रागाने फसतो असं समजत होतो. या प्रकरणाने दाखवलं की माणूस कोणी तरी ऐकतंय एवढ्यानेही फसतो, आणि त्यात चांगली माणसं आधी फसतात. नंतरच्या प्रत्येक ठाण्यात मी बीटच्या पोलिसांना सांगायचो, एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी जाल तेव्हा नुसती चौकशी करू नका, बसा. त्यांनी काय काम केलं ते विचारा.

आता मीही निवृत्त आहे. बायको दुपारी झोपते, मुलं पुण्यात. मागच्या आठवड्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. "सर, तुमच्या जुन्या केसेसबद्दल थोडं बोलायचं होतं." खुर्ची ओढून मी बोलायला बसलोसुद्धा. दहा मिनिटं झाल्यावर लक्षात आलं, मी त्याचं नावही विचारलेलं नव्हतं.