खळीखालचं पान

बाइंडरकाकांच्या दोन खोल्यांत त्रेचाळीस हिब्रू पुस्तकं होती. सगळी प्रार्थनेची नाहीतर धर्मशास्त्राची, आणि छपाई हीच जेव्हा नवलाई होती तेव्हाची. काकूंना बसायला मात्र एकच खुर्ची. "घरात जिवंत माणसं दोन आणि मेलेली तीनशे," असं त्या येईल त्याला सांगत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्या पुस्तकांपायीच काका उतारवयात हिब्रू शिकले होते, पण त्यांचा जीव छापील ओळींपेक्षा पुढच्या-मागच्या पानांत होता. तिथे जुन्या मालकांनी जन्म, लग्नं, मृत्यू लिहून ठेवलेले. एकाने घर सोडून पळताना मागे काय काय राहिलं त्याची यादी केली होती, आणि तीत मांजरही होतं.

एका सकाळी एक शिक्षिका आल्या. त्यांच्या आईचं दुसऱ्या दिवशी हृदयाचं ऑपरेशन होतं.

"आम्हा ज्यू लोकांत आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना त्याच्या आईचं नाव घेतात, अमकीची मुलगी असं," त्या म्हणाल्या. "माझी आई दोन महिन्यांची असताना तिची आई गेली. वाढवलं परक्यांनी. नाव होतं ते फक्त तिच्यासोबत आलेल्या घरच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर. ती लिपी आम्ही कुणी शिकलोच नाही. वाटायचं, पान कुठे पळून जातंय? मग घर आवरताना पुस्तक रद्दीत गेलं. ते तुमच्याकडे आहे म्हणतात. मधल्या एका पानावर मेणाचा मोठा डाग आहे."

काकांनी पुस्तक काढलं. डाग होता. पहिलं पान मात्र कोरं, पांढरंशुभ्र.

ती बांधणी काकांचीच होती. पस्तीस वर्षांपूर्वी त्यांना हिब्रूतलं ओ की ठो कळत नव्हतं. शाईने घाण झालेलं पान दिसलं, म्हणून त्यांनी खळ लावून वर चांगला कागद चिकटवला आणि स्वच्छ कामाची दुकानमालकाकडून शाबासकीही घेतली. पुढे तेच पुस्तक रद्दीवाल्याकडे सापडलं, तेव्हा आपला हात ओळखून खूश झाले. आत काय झाकलंय ते साफ विसरले.

"हे माझंच पाप आहे, बाई," ते म्हणाले. "निघतं का बघतो. पण शब्द देत नाही."

त्यांनी ओला टीपकागद पानावर ठेवला. ओल कमी पडली तर पान फाटणार, जास्त झाली तर शाई पसरणार. काकूंनी बाईंना खुर्चीत बसवलं आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही.

तासाभराने कागद एका कोपऱ्यातून सुटला. काका हाडाची पट्टी इंच इंच सरकवत गेले. खालून अक्षरं वर आली, पाच-सहा निरनिराळ्या हातांची. इतकी वर्षं ही माणसं त्यांच्याच खळीखाली मुकाट पडून होती. सगळ्यात शेवटची ओळ वेड्यावाकड्या अक्षरांत होती, आजारी माणसाने लिहावी तशी.

"ही तुमच्या आजीनेच लिहिलीय," काका एकेक अक्षर लावत म्हणाले. "'मला मुलगी झाली. मी तिची आई.' आणि खाली सही आहे."

त्यांनी नाव वाचलं. बाईंनी ते तीनदा घोकलं आणि तिथूनच हॉस्पिटलात फोन लावून आईला सांगितलं.

पलीकडून म्हाताऱ्या आवाजात दोनच शब्द आले.

"पुन्हा सांग."