केशराच्या खोलीतला जनरेटर

वसईजवळच्या गास गावातल्या त्या खोलीत जाऊन आलो, त्या दिवसापासून एक अस्वस्थता माझ्या अंगात शिरली. पोलिसातून निवृत्त झाल्यावर ती जाईल असं वाटलं होतं, पण गेली नाही. म्हणून हे लिहायला बसलो. नावं कोणाचीच देणार नाही.

पावसाळा सरता सरता वसईत वादळी वारा झाला. झाडं पडली, तारा तुटल्या आणि पश्चिमेकडच्या गावांची वीज सलग काही दिवस गेली. पोलीस ठाण्यातसुद्धा वायरलेससाठी बॅटऱ्या जपून वापरत होतो. अशातच एका दुपारी ठाणे अंमलदाराला फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. अख्ख्या गावात अंधार असताना गासमधल्या एका खोलीत जांभळा उजेड असतो, तिथे गांजा पिकवतात, आज तिथे एक माणूस मेला आणि त्याला त्याच्या मेहुण्याने मारलं, एवढं सांगून फोन ठेवला. स्टेशन डायरीला नोंद करून मी दोन अंमलदारांसह निघालो.

घर जुन्या शेतकरी कुटुंबाचं, मागे भाजीची वाडी. मयताला खोलीतून काढून ओट्यावर निजवलं होतं. तो इथला जावई. मूळ कोकणातला, विरारला फ्लॅट, मुंबईतल्या कार्यालयात नोकरी. ती सोडून तो सासरी आला आणि मेहुण्याच्या मदतीने घराला लागून असलेल्या खोलीत केशर पिकवू लागला. गांजाची गोष्ट निव्वळ अफवा होती. लोखंडी मांडण्यांवर ट्रे, ट्रेमध्ये कंद आणि काही कंदांवर फिकट जांभळी फुलं उमललेली. खोली थंड ठेवायला एसी, उजेडाला जांभळे दिवे. गारवा टिकावा म्हणून भिंतींना आणि खिडक्यांना थर्माकोल लावलेलं.

वीज गेल्यावर पहिल्या दिवशी इन्व्हर्टरवर भागलं. पण इन्व्हर्टर दिवे आणि पंखा ओढतो, एसी ओढत नाही. फुलं ऐन भरात, उकाडा लागला की वर्षभराची मेहनत वाया. म्हणून त्यांनी पेट्रोलवर चालणारा जनरेटर भाड्याने आणला होता. आम्ही पोहोचलो तेव्हा तो अंगणात आंब्याखाली बंद पडलेला होता.

मयताची बायको सकाळी भाजी घेऊन बाजारात गेली होती. ती परतली ती थेट प्रेतापाशी. सगळ्यांसमोर ती भावाला म्हणाली, "तूच खाल्लंस माज्या माणसाला." आदल्या दिवशी दोघा पुरुषांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, ते सगळ्या आळीने ऐकलं होतं. हा खेळ बंद करून वाडीत मिरच्या लावू, असं भावाचं म्हणणं. भाऊ खाली मान घालून उभा होता. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "साहेब, मीच मारलं. चला, न्यायचं तिकडं न्या."

प्रेताचा इन्क्वेस्ट पंचनामा केला, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं, अकस्मात मृत्यूची नोंद घेतली आणि त्याला चौकशीसाठी ठाण्यात आणलं. सहकाऱ्यांना वाटलं, काम संपलं. वरिष्ठांचाही फोन आला की माणूस कबुली देतोय तर खुनाचा गुन्हा दाखल करायला उशीर कशाला. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही हे एक झालंच. पण मला दुसरंच काहीतरी टोचत होतं. खुर्चीत बसवेना. मी सारखा व्हरांड्यात जात होतो आणि परत येत होतो.

गुन्हा केलेला माणूस आधी नाकारतो, मग थोडं कबूल करतो, मग दुसऱ्यावर ढकलतो. हा उलटा होता. मारलं म्हणून ठाम, पण कसं मारलं ते सांगता येईना. आधी म्हणाला, उशीने तोंड दाबलं. त्या खोलीत उशी नव्हती. मग म्हणाला, गळा दाबला. गळ्यावर वळ नव्हता, मयताच्या नखांत काही नव्हतं, एक ट्रेसुद्धा हललेला नव्हता. मधूनमधून तो कपाळ दाबून धरत होता. पाणी दिलं तर ओकला. घाबरून होतं असं, असं माझा हवालदार म्हणाला. मला तो घाबरलेला दिसत नव्हता. दमलेला दिसत होता.

संध्याकाळच्या आत शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी बोलावून घेतलं. अंगावर मार नाही, गळा दाबल्याची खूण नाही, असं ते म्हणाले. मग चादर थोडी बाजूला करून त्यांनी मला मयताची त्वचा दाखवली. मेलेल्या माणसाच्या अंगावर असते तशी काळसर निळी छटा नव्हती, लालसर गुलाबी होती. रक्त प्रयोगशाळेत पाठवतो, खात्रीने तेव्हाच सांगेन, पण बंद जागेत धूर कोंडला होता का ते बघा, असं त्यांनी सुचवलं.

मी तसाच पंचांना घेऊन परत गासला गेलो. या वेळी फुलांकडे बघितलं नाही, भिंतींकडे बघितलं. दारामागच्या कोपऱ्यात थर्माकोलवर काजळीचा गोल डाग होता. खाली फरशीवर रबरी पायांचे चार ठसे आणि तेलाचा थेंब. अंगणातल्या जनरेटरच्या पायांशी ते ठसे जुळले. जनरेटर खोलीत चालला होता आणि नंतर कोणीतरी तो ओढत आंब्याखाली नेला होता.

ठाण्यात आलो. सगळ्यांना बाहेर घालवलं आणि त्याच्यासमोर बसलो. सांगितलं, "जनरेटर आत होता. त्याच्या धुराने तुझे भावजी गेले. तूही आत होतास, म्हणून तुझं डोकं फुटतंय. मग खुनाचं खोटं का सांगतोस?"

त्याने कपाळावरचा हात काढला. मग हात जोडले. "साहेब, माझं नाव लिवा. पन जनरेटर आत होता ते लिवू नका."

"का?"

"ताईनं सांगितलं होतं आत घ्यायला."

मग तो सलग बोलला. शेजारच्या घरात एक म्हातारा पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला. जनरेटरच्या घरघरीने त्याला झोप नाही, म्हणून शेजारी येऊन ताईला वाटेल ते बोलून गेले. ती बाजाराला निघताना दोघांना म्हणाली, त्यो आत घ्या आनि दार लावा, लोकांचं ऐकून मी कंटाळले. दोघांनी ते केलं. थोड्या वेळाने याचं डोकं गरगरायला लागलं, म्हणून तो पेट्रोल आणायचं निमित्त करून बाहेर पडला आणि वाडीत केळीखाली आडवा झाला. जाग आली तेव्हा जनरेटर बंद पडला होता. दार उघडलं तर भावजी मांडणीपाशी पडलेले. काय झालं ते त्याला त्याच क्षणी कळलं. ताई यायच्या आत त्याने खिडक्या उघडल्या आणि जनरेटर बाहेर ओढला. आपण सांगितलं ते यांनी ऐकलंच नाही, असं तिला वाटावं म्हणून.

"ती मला शिव्या देत जगंल," तो म्हणाला. "पन तिला कळलं तर ती जगनार नाय."

तपास अधिकाऱ्याला असली मेहरबानी करता येत नाही. काजळीचा पंचनामा झाला होता, रक्ताचा अहवाल येणार होता. आणि जनरेटर आत होता ही ओळ गाळली असती तर हा माणूस खुनात आत गेला असता. त्याला ते समजावलं. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

प्रयोगशाळेचा अहवाल आला, त्यात विषारी वायू स्पष्ट होता. मयताच्या पत्नीला पुरवणी जबाबासाठी बोलावलं. महिला अंमलदार शेजारी बसली. मी बाईंना सांगितलं की तुमच्या नवऱ्याला कोणी मारलेलं नाही. धुरात एक वायू असतो, तो दिसत नाही, त्याचा वास येत नाही, माणूस बसल्या जागी गुंगतो. जनरेटर आत कोणी ठेवायला सांगितला, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "मग जनरेटर बाहेर कोनी आनला?"

मी सांगितलं. का आणला तेही सांगितलं.

त्या रडल्या नाहीत. लिहून घेणाऱ्या अंमलदाराकडे वळून म्हणाल्या, "लिवा. आत घ्यायला मी सांगितलं. माज्या भावानं नाय." जबाब वाचून दाखवला तेव्हा त्यांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचायला लावलं आणि मगच सही केली.

जबाबासाठी बोलावलेला भाऊ बाहेर बाकावर होता. त्याला बघून त्या थांबल्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्यांनी फक्त त्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं, आणि दोघं फाटकाबाहेर गेली. प्रकरण अकस्मात मृत्यू म्हणून बंद झालं. त्या घरात पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. त्या बाजूला जायचे प्रसंग आले, पण चौकशी करायचं धैर्य झालं नाही.

नोकरीभर माझी समजूत होती की माणूस स्वतःला वाचवायला खोटं बोलतो. सगळी चौकशी आपण याच हिशेबाने करतो, धाक दाखवतो, सुटकेची आशा दाखवतो. दुसऱ्याला वाचवायला खोटं बोलणाऱ्यावर यातलं काहीच चालत नाही, कारण त्याला सुटायचंच नसतं. म्हणून नवीन अधिकारी भेटले की सांगतो, कबुली मिळाली तरी तपास थांबवू नका, कसं ते विचारा. आणि 'कसं'चं उत्तर मिळालं, की ते ऐकायला समोर कोण बसणार आहे याचाही विचार करून ठेवा. त्याची तयारी कुठल्या प्रशिक्षणात होत नाही. माझी तर अजून झालेली नाही.