मोरी-सानला कोणी विचारलंच नाही

मंडळी, आज स्वतःचाच भयंकर राग आलाय.

दुपारी योकोहामात माझ्या मावसभावाकडे, नितीनदादाकडे मिसळ होती. मी ऑफिसातल्या मोरी-सानला मुद्दाम सोबत नेलं. कॉलेजात तो चार वर्षं अमेरिकन फुटबॉल खेळलाय, रिसीव्हर म्हणून, म्हणजे लांब पळत जाऊन पास झेलणारा. झेलताना मोडलेली त्याची करंगळी अजून वाकडी आहे. जपानमध्ये दोन वर्षांत मला मिळालेला हा एकच मित्र.

विषय निघाला, सगळ्यात ग्रेट रिसीव्हर कोण?

नितीनदादा म्हणाला, "ज्याच्या नावावर सगळे रेकॉर्ड आहेत तो म्हातारा. विषय संपला."

"रेकॉर्ड काय चाटायचेत? आत्ताची पोरं एका हाताने झेलतात!" मी म्हणालो.

"रील बघून मला अक्कल शिकवू नकोस!"

तासभर हेच. आम्ही दोघांनी तो बॉल कधी हातात धरलेला नाही. मोरी-सानला कळावं म्हणून इंग्रजीतून भांडत होतो, एवढंच काय ते सौजन्य.

परतताना स्टेशनवर मी विचारलं, "तू का नाही बोललास?"

"कोणीतरी विचारेल म्हणून थांबलो होतो."

मीटिंगमध्येही तो असाच थांबतो. मी रोज बघतो. तरी विसरलो.

"मग आता सांग ना!"

"पुढच्या वेळी," म्हणाला आणि परक्या माणसापुढे वाकतात तसा कमरेत वाकला. मैत्री झाल्यापासून तो माझ्यापुढे असा वाकत नव्हता.

तुम्ही कोणाला असं आपल्याच गलक्यात गमावलंय का? परत कसं मिळवलंत?