शेजारणीकडचं गार पाणी

तळवड्यातल्या त्या मावशींचं नाव मी लिहिणार नाही. मुलाखतीआधी तसा शब्द मी सगळ्यांनाच देते. कंपनीच्या गेटबाहेरच्या मारामारीत त्यांचा मुलगा मारला गेला आणि कोर्टानं घरच्यांना भरपाई दिली. अशी भरपाई लोकांना कशी वाटते, हा माझ्या पीएच.डी.चा विषय.

ऊन मी म्हणत होतं. टेकल्या टेकल्या मी म्हणाले, "मावशी, गार पाणी मिळेल का?"

मावशी उठल्या, कोपऱ्यातल्या नव्याकोऱ्या फ्रिजला वळसा घालून बाहेर गेल्या आणि शेजारणीकडून बाटली घेऊन आल्या.

"फ्रिज बिघडलाय का?"

"न्हाई, चालू हाय. पोरापायी मिळालेल्या पैशातनं सुनेनं घेतला, नातवंडांसाठी." ओली बाटली त्या पदरानं पुसतच राहिल्या. "त्यातलं पाणी माझ्या घशाखाली उतरत न्हाई. तुला कसं देऊ?"

मी मान हलवली, पण मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की हे वाक्य प्रबंधात फार छान बसेल. त्यांच्याकडे बघावं लागू नये म्हणून त्यांनी बाटलीतून भरून दिलेलं भांडं मी तोंडाला लावलं ते घटाघटा संपवूनच खाली ठेवलं.

"किती तहान लागली व्हती पोरीला," म्हणत त्यांनी ते पुन्हा भरलं.