बाहेरची खाट

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा मला पत्ता नाही, त्याची माफी असावी. शाळा चौथीपर्यंतच झाली. आमच्या मोहल्ल्यातली मराठी शाळा चौथीला संपायची, पुढे मुलामुलींची एकत्र हिंदी शाळा होती. वडील म्हणाले, पुरे झालं. हे मी कोणाला दाखवणार नाही. तरी माफी मागावीशी वाटली, कारण जे लिहिते आहे ते तोंडाने कधी बोलले नसते.

ह्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर झाला. रेल्वेतून रिटायर होऊन फार दिवस झाले नव्हते. इंदूरच्या इस्पितळात ऑपरेशन करून ती ग्रंथी काढली आणि कॅन्सर गेला. घरी आले तेव्हा लघवी थांबत नसे, झोपेत कपडे ओले व्हायचे. म्हणाले, "मी बाहेरच्या खोलीत झोपतो. तुझी गादी खराब होईल."

"गादी उन्हात घालता येते," मी म्हटलं.

पण खाट बाहेर गेलीच. पुढे लघवीचं ठीक झालं. खाट मात्र बाहेरच राहिली.

का राहिली ते मला कळत होतं. ग्रंथीला लागून बारीक नसा असतात, त्या दुखावल्या की पुरुषाला ताठरता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे. घरात कोणी नाही, तरी लिहिताना पदर सावरला.

मग तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, याच त्रासावर एका औषधाची चाचणी चालू आहे, नाव घालायचं का? काहींना खरी गोळी मिळणार, काहींना तशीच दिसणारी साधी. कोणाला कोणती, ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. नको वाटलं तर केव्हाही सोडता येतं. जाण्या-येण्याचा खर्च इस्पितळ देईल, पण मागाहून. आणि बायकोलाही यावं लागेल, तिलाही प्रश्न विचारतात. मी खाली बघत होते. ह्यांनी लगेच हो म्हटलं.

ऑपरेशनमध्ये घरातलं होतं नव्हतं ते लागलं होतं. इथे उज्जैनला भैरवगढच्या छापाच्या चादरी निघतात, त्यांच्या कडा मी घरी शिवते. ते पैसे आतल्या खोलीच्या कपाटात, बिस्किटाच्या डब्यात असतात. बसचं भाडं, रिक्षा, तिथलं जेवण, सगळं त्यातून निघालं.

"उधार घेतोय हं," ते म्हणाले. "जन्मभर रेल्वेच्या पासवर फिरलो, आता बायकोच्या शिलाईवर फिरतो. पण पैन् पै परत करीन."

"व्याज लावीन मी."

हसले. ऑपरेशन झाल्यापासून असे हसले नव्हते.

नानाखेड्याच्या बसस्टँडवरून बस पकडून आम्ही इंदूरला जायचो. तिथे चाचणीचं काम बघणारी एक मुलगी होती, आमच्या लेकीच्या वयाची. तिने मला वेगळ्या खोलीत बसवलं आणि प्रश्न विचारायला लागली. संबंध होतात का? पतींना जमतं का? मधेच थांबावं लागतं का? मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसले.

"आंटी जी, शर्माइए मत. जो है वही बताइए."

"सब ठीक है," मी म्हटलं. पुढच्या प्रश्नाला तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. आमच्या घरी बाई नवऱ्याचं उणं चार लोकांत बोलत नाही. आई नाही बोलली, सासूबाई नाही बोलल्या. शेवटी तिने विचारलं, आप संतुष्ट हैं? मी हो म्हटलं आणि बाहेर आले. ह्यांची लाज राखली म्हणून बरं वाटत होतं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी दोघांना एकत्र बोलावलं. तेही मराठीच.

"काका, तुम्ही सांगता की अजिबात जमत नाही. काकू सांगतात सगळं छान चाललंय. तुम्ही दोघं एकाच घरात राहता ना?"

ह्यांचे कान लाल झाले. मला वाटलं, फरशी फाटावी.

"काकू, मागचं लिहिलेलं आता खोडता येणार नाही. पण पुढे खरं सांगितलं नाहीत तर औषध उपयोगी की नाही ते आम्हाला कसं कळणार? मग तुम्हाला चाचणीत ठेवून काय फायदा?"

परतीच्या बसमध्ये हे खिडकीबाहेर बघत बसले. अर्ध्या वाटेवरचं सांवेर गेलं. मग हळूच म्हणाले, "तू माझी थट्टा केलीस का गं?"

"अहो, काय बोलता! परक्या पोरीसमोर घरचं कशाला सांगायचं?"

"आणि ते शेवटचं? समाधानी आहे म्हणालीस."

"ते खोटं नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. पुढच्या सीटवरचा माणूस घोरत होता, म्हणून मला बोलता आलं.

"तुम्ही जिवंत परत आलात, मी समाधानी आहे. बाकीचं नाही झालं तर नाही. पण तुम्ही बाहेर झोपता, त्याचं समाधान नाही. ते त्या पोरीने विचारलंच नाही."

त्यांनी माझी पिशवी घेतली आणि उज्जैन येईपर्यंत स्वतःच्या मांडीवर धरून बसले.

नंतरच्या खेपेला मी सगळं खरं सांगितलं. मान वर न करता, पण सांगितलं. नाही जमत. प्रयत्न करतात, मग रागावतात, स्वतःवरच. आणि शेवटी म्हटलं, "बेटा, वो बाहर के कमरे में सोते हैं। उसका सवाल नहीं है क्या?"

तिने पेन खाली ठेवलं. "नहीं है, आंटी," म्हणाली. मग मला चहा पाजला.

इस्पितळाचे पैसे थोडे थोडे यायला लागले. आले की हे दिवेलागणीला आतल्या खोलीत यायचे, डबा उघडून नोटा ठेवायचे. "सावकारीणबाई, हप्ता घ्या." पहिल्यांदा उभ्यानेच ठेवून गेले. मग पलंगाच्या कडेला टेकायला लागले. मग मी चादरीची कड शिवत असायची आणि ते दोऱ्याचं रीळ हातात धरून बसायचे, गावभरच्या गोष्टी सांगत. कधी खांद्यावर हात ठेवायचे. मी सुई थांबवायची.

चाचणी संपली. आम्हाला खरी गोळी होती की साधी, ते अजून सांगितलेलं नाही. फरक पडला, थोडा. कधी असतो, कधी नसतो. नसला तर हे पूर्वीसारखे उठून जात नाहीत.

शेवटच्या खेपेचे पैसे काल आले. दिवा लावून मी वळले तर हे दारात उभे. एका हातात नोटा, काखेत उशी.

"खाट बाहेरच असू दे," म्हणाले, "पाहुण्यारावळ्याला होईल."

उशी माझ्या उशीशेजारी ठेवली आणि मग डबा उघडून नोटा माझ्यासमोर मोजल्या.

"बघून घे. फिटलं सगळं."

मी बघितलं. पैन् पै होती. मी डब्याचं झाकण लावलं.