न पडलेली वडी

मी हौसेने नारळाच्या वड्या करायला घेतल्या आणि घाईने पाक कच्चा ठेवला. तासाभरानेही ताट कलतं केलं की मिश्रण ओघळायचं. नेमका त्याच दिवशी, सहा महिन्यांच्या अबोल्यानंतर, दादा घरी आला. तोही गप्प, मीही गप्प. बायकोने ताटच पुढ्यात ठेवलं आणि दोन चमचे दिले.

"हे काय?" दादाने विचारलं.

"वड्या."

"तू जन्माचा उतावळा!" म्हणत तो खदखदून हसला.

घट्ट झाल्या असत्या तर आपापल्या बशीतली वडी चघळत आम्ही तसेच बसलो असतो. माणसानेही अधूनमधून थोडं पातळच राहावं. शेवटचा चमचा दादाने मला न विचारता पळवला, अगदी पूर्वीसारखा.