हिरीपाशी थांबनारी गाडी

फोन आला तवा मी माझ्या लेकीला, चिमीला, भरवायले व्हते. हुमनाबादच्या लेथवाल्याचा फोन. अप्पा, म्हंजी माझे सासरे, त्याच्याकडं बारकी चाकं घ्यायला गेलते. चाकं घेतली, खिशात टाकली, चहा पिले, आन बाकड्यावर बसल्या बसल्या मान टाकली म्हने... "घरात मोठं मानूस हाय का कुनी?" त्यानं इचारलं. मोठं मानूस म्हंजी आत्याबाई, माझ्या सासूबाई, त्या शेजारी पापड लाटायलत्या. कसं सांगितलं, काय सांगितलं, मला काई आठवत न्हाई. शेजारच्याची जीप निगाली अप्पाला आनायला. मलाबी चल म्हनले. मी चिमीला कडंवर घेतलं, जीपापत्तर गेले, येक पाय वर ठिवला, आन... न्हाई जमलं. दोन वर्सं झाली व्हती, मी कुटल्याच गाडीत बसले नव्हते. माझं माहेर औरादच्या पल्याड, बारकी वस्ती हाय. आईचे गुडघे गेले, तिला बसची पायरी चढता येईना. मला चढता येतंय, पन भ्या वाटतंय. ती तितं, मी इतं. अप्पाला ह्याचीच लई काळजी व्हती. जीप गेली, धुरळा खाली बसला, आन मी उंबऱ्यावर हुबी. त्यांना आनायलाबी मी गेले न्हाई.

आता महिना उलटून गेला. पेपरात लोक आपल्या गेलेल्या मानसाबद्दल लिवतेत, ते मी वाचते. मी सातवीतनं शाळा सोडली, मला तसं लिवायला येत न्हाई. पन अप्पाचं कुनीतरी लिवावं, म्हून लिवायले.

गावात अप्पाचं मोटारी भरायचं दुकान व्हतं. हिरीवरची जळालेली मोटार कुनी आनली की नवी तार गुंडाळून परत चालू करून द्यायचे. पन त्यांचा जीव घरातल्या पुढच्या खोलीत. मी लगीन होऊन आले तवा त्या खोलीत पलंग नव्हता, कपाट नव्हतं, नुसता फळ्यांचा टेबल, ह्या भितीपासून त्या भितीपत्तर, आन त्याच्यावर आमचा मुलुख. लाल माती, माळ, लिंबाची झाडं, बारकी बारकी घरं. मदातनं येक रूळ. आमच्या शिवारातनं बिदरची रेल जाती, पन औरादकडं रेल न्हाई. अप्पा म्हनायचे, "इतनं येक फाटा फुटला आस्ता, दोन डब्याची बारकी गाडी आस्ती, तर ती कशी कशी गेली आस्ती, तेवढंच बगायचंय मला." बास. दुसरं काईच कारन न्हाई.

रूळ सायकलीच्या तारांचे. खाली आगकाड्या चिकटवलेल्या. इंजनात जुन्या टेपची मोटार, डबे तेलाच्या डब्याच्या पत्र्याचे. रुळाला वाक द्यायचा तर तार परातीच्या काठाला लावून वाकवायची, म्हून आत्याबाईची परात रोज गायब.

"भाकरी कशात थापू? तुमच्या इंजनात?" चुलीपासनं आवाज यायचा.

"जरा दम धर, औरादचा वाक चालूय."

"मग जेवायलाबी औरादलाच जावा."

मी नवी व्हते, मला हसायचंबी भ्या. करंटचं भ्या, कुत्र्याचं भ्या, आत्याबाईचं तर लईच. अप्पानं वळखलं आसंल. येक दिवस म्हनले, "बाई, ही माती मैद्याच्या चाळनीनं चाळून दे गं." मग मी रोज बसाया लागले. झाडायच्या फड्याच्या काड्यांचे शेंडे कापून जोंधळा लावला, हिरव्या लोकरीची तूर केली. दुपारच्याला खिडकीतनं ऊन टेबलावर पडायचं, मी गाल फळीला टेकवून बगायचे... आसं बगितलं की जोंधळा मानसायवढा दिसतो. आपुन तितंच हुबं हाव, लांबनं गाडी यायलीय, आन घाई कुनालाच न्हाई. आत्याबाईनं हाक मारली की दचकायचे. कुटं व्हते मी, मलाच कळायचं न्हाई.

समदं खऱ्यासारखं दिसावं म्हून अप्पा दोरी आन कागद घिऊन शिवारात हिंडायचे. कुनाची हीर कुटं, कुनाचं चिचाचं झाड कुटं, लिवून आनायचे. लोकांनी दोरी बगितली, आन झालं! गावभर येकच, रेल यायलीय, आन अप्पाला सरकारनं नेमलंय. दारात मानसं यायला लागली. येकजन म्हनला, "अप्पा, माझा माळ पडीकच हाय, माझ्यावरनं न्या की. जमलं तर दोनदा न्या."

पन पार्वतीअक्का आली ती ताकाचा तांब्या घिऊन. येकलीच हाय ती, मालक गेलेला, जरासं रान आन येक हीर. टेबलावर वाकून तिनं आपलं रान सोधलं, त्यावरनं गेलेला रूळ बगितला, आन रडायलाच लागली.

"अप्पा, माझ्या हिरीवरनं नका नेऊ. आमच्या मालकानं सोता खांदलीय ती."

"अक्का, ह्यो खेळ हाय. खरी रेल कुटाय?"

"सुरवातीला समदे खेळच म्हन्तेत."

अप्पानं तांब्या उचलला. ताक पिले. अक्का गेल्यावर चिमटा घेतला आन तितला रूळ उपटला. हिरीला वळसा घालून नवा टाकायचा, पन परातीचा वाक तितं बसंना, लई मोठा. मग तवा घेतला. तव्याच्या काठानं तार वाकवली, हिरीच्या पल्याडनं नेली. अवशदाच्या बाटलीच्या टोपनाची हीर केली मी. दुसऱ्या दिवशी अक्का आली, खुश झाली, आन सोताच्या हिरीचं पानी आनून त्या टोपनात थेंब थेंब वतलं. "आता खरी," म्हनली.

त्याच वर्सी गावच्या जत्रंत अप्पानं टेबल फळ्या सुट्या करून न्हेला. आकाशपाळन्याच्या शेजारी चार बांबू, वर साडी बांधली, मोटरसायकलीची ब्याटरी लावली. ही गर्दी! लोक आपापलं घर सोधायलेत, "ह्ये बग माझं, ह्ये बग, माझी म्हैस न्हाई केली का वो अप्पा?" गाडी सुटली, माळावरनं गेली, नाल्याच्या पुलावरनं गेली, अक्काच्या हिरीला वळली, आन... धप्प. आडवी. लोक हसले. अप्पानं परत लावली. परत आडवी. तव्याचा वाक त्या डब्यांना सोसंना. म्हागनं कुनीतरी वरडलं, "सरळ करा की, हीर बुजवा!" अक्का गर्दीतच व्हती, पदर तोंडात धरून. मला वाटलं, आता अप्पा काय करतेत. इतक्या लोकांसमोर गाडी पडायलीय, आन शब्द तर दिलाय.

अप्पानं गाडी हिरीच्या आलीकडं थांबवली. मोठ्यानं म्हनले, "उतरा! समदे उतरा! इतं गाडी थांबती. पानी प्या, पाय मोकळे करा, आन हिरीच्या कडंनं चालत पल्याड या!" मग येकेक डबा हातानं उचलला, वळसा घालून पल्याडच्या रुळावर ठिवला, इंजन ठिवलं, बटन फिरवलं. गाडी निगाली, पार औरादला जाऊन लागली. लोकांनी शिट्या मारल्या. सांजंपत्तर पोरं-सोरं, म्हातारी मानसं, समदी हिरीपाशी हुबी, "उतरा उतरा" म्हनायला. अक्का तर डबे सोता उचलून ठिवायली. आकाशपाळन्यावाला रिकामाच.

मग चिमी झाली, माहेरात. तिला घिऊन इकडं येताना बसमदी तिला ताप चढला आन झटका आला. डोळे पांढरे. व्हट निळे. मी वरडले, थांबवा, मला उतरवा. गर्दी लई, कुनी कांदा हुंगवायलं, कुनी पानी मारायलं, पुढं डायवरला आयकूच जाईना. बस चाललीच, चाललीच... लेकरू मांडीवर ताठ आन खिडकीतनं झाडं म्हागं पळायलेत. स्ट्यांडात थांबली तवर चिमी रडाय लागली व्हती. डाक्टर म्हनले, तापात व्हतंय काई लेकरांना, मोठी झाली की जातंय. आन खरंच, परत कदीच आला न्हाई. पन माझ्या आंगातनं ती बस गेली न्हाई. आई फोनवर म्हनायची, "लेकराचा आवाज तरी आयकव." आमचे हे लांबच्या कारखान्यात, आठवड्याला येनार, म्हनायचे, "मी संग येतो, चल." मी स्ट्यांडापत्तर जायचे आन माघारी यायचे.

येक दिवस अप्पानं टेबलापाशी बोलवलं. "तुझं माहेर कुटं येतंय गं ह्याच्यात?"

टेबल औरादला संपायचा. तितं भित. मी भितीवर हात ठिवला. "ह्याच्या पल्याड."

भितीच्या पल्याड आमची चूल. दुसऱ्या दिवशी अप्पा छन्नी घिऊन बसले.

"आता घर पाडा!" आत्याबाई वरडल्या. "मानूस हाय का घूस?"

भितीला भोक पाडलं, मूठभर. चुलीकडं पिठाच्या डब्याशेजारी फळी ठोकली, रूळ आत आनला, आन माझ्याकडनं इचारून इचारून वस्ती केली. आमचं पत्र्याचं घर, गोठा, बोरीचं झाड. दारात काडीची येक बाई बसवली, गुडघ्यावर हात ठिवलेली. मग मी भाकरी करताना भितीतनं गाडी यायची, हळूच, आन डब्यात कायबाय आसायचं. येक लवंग, येक शेंगदाना, कवा चिमीच्या कानातलं हरवलेलं डूल. आत्याबाई तोंड वाकडं करायच्या, पन गाडी यायच्या वक्ताला फळीवरचं पीठ त्याच पुसून ठिवायच्या.

सांजच्याला अप्पा मला बटनापाशी बसवायचे. हिरीपाशी आलं की म्हनायचे, "थांबव. भ्या वाटायलंय? उतर मग. गाडी काय पळून जायलीय का?" मी डबे उचलायचे, पल्याड ठिवायचे. "आता?" "आता न्हाई वाटत." "मग चल पुढं." त्यांनी तिसरा डबा करायला घेतला व्हता, मला आन चिमीला बसायला म्हून. त्याचीच चाकं आनायला गेलते. "डबा झाला की आपुन खरंच जाऊ," म्हनलते, "तू म्हनशील तितं उतरू, मी हाव की संग."

ते न्हाईत आता संग. कसं जायचं?

दिवस झाले, पावने गेले, हे कामावर गेले. आई फोनवर नुसती रडली. त्या दिवशी मी पिशवी भरली. आत्याबाईला सांगितलं, त्यांनी भाकरी आन चटनी बांधून दिली. "लेकराला टोपी घाल," येवढंच.

चिमीला कडंवर घिऊन पायरी चढले. बस हालली आन छातीत सुरू झालं. पयल्याच फाट्यावर मी वरडले, "थांबवा!" उतरले. चिमीला पानी पाजलं, मी पिले, झाडाखाली बसले. दुसरी बस आली, तीत चढले. परत छातीत, परत उतरले. आता बायांना तिकीट फुकट हाय आमच्याकडं, कितीबी उतरा. येक कंडक्टर म्हनला, "अक्का, फुकट हाय म्हून दर झाडाला उतरायलाव का?" बाया हसल्या. येक म्हातारी म्हनली, "उतरू द्या की, लेकुरवाळी हाय, तुमच्या बापाचं डिझेल जायलंय का?"

ज्या जागी चिमीला झटका आलता, ती जागा मला झाडासकट पाठ हाय. त्याच्या आलीकडं उतरले. तेवढा तुकडा चालत गेले, चिमीला कडंवर घिऊन, कडंकडंनं. रानात खुरपायलेल्या बायांनी बगितलं, म्हनल्या, "बस चुकली का गं?" मी म्हनलं, "न्हाई, पल्याड जाऊन बसनार हाय." त्यांना काई कळलं न्हाई. वारा सुटला व्हता, जोंधळा मानसायवढा, आन घाई कुनालाच न्हाई...

सांजच्याला वस्तीवर पोचले. आई दारातच. चिमीला मांडीत घेतलं आन लई येळ नुसती तिचे पाय दाबत बसली. मग म्हनली, "सकाळी निगालीस ना? इतका उशीर कामून?" मी म्हनलं, "उतरत उतरत आले." ती चिमीकडं बगत म्हनली, "बरं केलंस."

आठ-धा दिवस राहिले. माघारी येताना बस भरलेली, चिमी खिडकीला तोंड लावून, आन मला छातीत काईच झालं न्हाई. ती जागा आली. भ्या वाटलंच न्हाई. तरीबी मी म्हनलं, "थांबवा, उतरायचंय." उतरले. बस गेली. धुरळा बसला, समदं गप झालं. चिमीला पानी पाजलं, मी पिले. जरा येळ हुबं राहिलो दोगी. मग तिला कडंवर घेतलं आन चालत पल्याड गेले.